वाट राखणारे

चार मराठी माणसे एकत्र आली की मंडळ निघते, हा आपल्याविषयीचा जुना विनोद आहे, आणि तो बराचसा खराही आहे. गणेशोत्सवाचे मंडळ, वाचनालयाचे मंडळ, निवृत्तांचे मंडळ, भजनी मंडळ, अशा मंडळांनी आधीच गजबजलेल्या आमच्या सातारा शहरात आणखी एका मंडळाची भर घालण्याचे पाप ज्यांच्या माथी आहे, त्यांपैकी मी एक. आमच्या मंडळाचा उद्देश ऐकणाऱ्यास प्रथम काहीसा चमत्कारिक वाटतो. शहराभोवतीच्या डोंगरांवरील पायवाटा नीट राहाव्यात, पावसाळ्यात त्या वाहून जाऊ नयेत, आणि त्यांवरून पायी जाणाऱ्यांनी व सायकलीवरून जाणाऱ्यांनी एकमेकांस सांभाळून घ्यावे, एवढाच तो उद्देश. हे ऐकून माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सायकल ही सपाटीवरून जाण्याची वस्तू आहे आणि डोंगर ही देवदर्शनास जाण्याची जागा आहे. तुम्ही दोहोंचा घोळ कशाला घालता?" त्यांच्या ह्या बोलण्यात तर्कदृष्ट्या उणे काढण्यास जागा नव्हती. पण जगातील पुष्कळसे आनंद असा घोळ घातल्यावाचून हाती लागत नाहीत, त्याला काय करावे?

माझे बालपण सांगलीस गेले. कृष्णाकाठच्या त्या सपाट, काळ्याभोर मुलखात सायकल ही कोणाच्या कौतुकाची वस्तू नव्हती. दूधवाला, पोस्टमन, शिक्षक, गिरणीकामगार, सारेच सायकलीवर. चढ म्हणून जो काय ठाऊक होता तो नदीच्या पुलाचा. पुढे नोकरीच्या निमित्ताने साताऱ्यास आलो, आणि घराच्या खिडकीतून एका बाजूस अजिंक्यतारा व दुसऱ्या बाजूस यवतेश्वराची डोंगररांग रोज समोर दिसू लागली. ज्या गावात कोणत्याही रस्त्याने निघाले तरी शेवटी चढच लागतो, त्या गावात सायकलस्वारास दोनच मार्ग उरतात: सायकल विकून टाकणे, किंवा चढाशी स्नेह जोडणे. मी दुसरा मार्ग पत्करला, आणि त्याच मार्गाने आज पन्नाशी ओलांडली आहे.

डोंगरावर सायकल नेण्याचे हे वेड मात्र आपल्याकडे उपजलेले नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. त्या परिसरातील काही तरुणांनी १९७६ साली जाड टायरांच्या जुनाट सायकली उतारावरून पिटाळण्याच्या शर्यती सुरू केल्या. उतार असा की खाली येईपर्यंत मागच्या चाकातील ब्रेक तापून आतले ग्रीस जळून जाई व ते दर खेपेस नव्याने भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. १९७७ साली त्यांच्यातील जो ब्रीझ ह्याने खास डोंगरासाठी म्हणून नवी सायकल बांधली, आणि बघता बघता हा खेळ जगभर पसरला. खेळ पसरला तशी भांडणेही पसरली. पायी फिरणाऱ्यांनी तक्रारी केल्या, अधिकाऱ्यांनी पाट्या लावल्या, आणि जेथे हा खेळ जन्मला त्याच डोंगरावरील कित्येक वाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा कोठे ह्या मंडळींस शहाणपण सुचले. १९८८ साली तेथील सायकलस्वारांच्या मंडळांनी मिळून एक संघटना स्थापन केली आणि एक साधे तत्त्व पत्करले, की ज्याला वाट वापरावयाची आहे त्याने ती दुरुस्तही केली पाहिजे. आमच्या मंडळाचे मूळ शोधू जाता ते ह्या तत्त्वातच सापडेल.

पायवाट ही मोठी विलक्षण वस्तू आहे. रस्ता कोणीतरी बांधतो. त्याचे अंदाजपत्रक असते, कंत्राटदार असतो, उद्घाटनाची कोनशिला असते. पायवाट कोणी बांधीत नाही. मोळी घेऊन उतरणारी बाई, शेरडांमागे चढणारा पोर, श्रावणी सोमवारी यवतेश्वरास निघालेला भाविक, कासच्या तलावाचे पाणी साताऱ्यास आणणाऱ्या जुन्या पाटाची देखरेख करणारा माणूस, अशा शेकडो जणांची पावले एकाच जागी पडतात आणि एखाद्या लेखी कराराहूनही टिकाऊ असा करार डोंगराच्या अंगावर उमटतो. त्या कराराखाली सही कोणाचीच नसते, म्हणून तो मोडला तर दाद कोणाकडे मागावी हेही कळत नाही.

आणि करार मोडू लागला होता, हे आम्हां नित्य जाणाऱ्यांस दिसत होते. जी वाट पूर्वी हातभर रुंदीची, ती तीन-चार हात रुंद झाली. मध्ये गुडघाभर खोल चर पडला. चर टाळण्यासाठी लोक कडेने चालू लागले, कडेचे गवत तुडवले गेले, आणि पुढल्या पावसात तेथेही चर पडला. पायी जाणारे म्हणत, ही सायकलवाल्यांची करणी. सायकलवाले मोटरसायकलींकडे बोट दाखवीत. मोटरसायकलवाले बोलत नसत, कारण ते थांबतच नसत. आणि सगळ्यांचे एकमत व्हायचे ते गुरांवर खापर फोडण्यात, कारण गुरांस उत्तर देता येत नाही.

खरा अपराधी कोण, हे जाणण्यास फारशा विद्वत्तेची गरज नव्हती; जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन अर्धा तास वाटेवर उभे राहिले म्हणजे पुरे. अपराधी म्हणजे पाणी. जी वाट उताराला सरळ धरून खाली येते, ती पावसाळ्यात वाट राहत नाही, ओहोळ होते. आपल्या ह्या डोंगरांवर खाली काळा कातळ आणि वर मातीचा पातळ थर. पावलांनी वा चाकांनी ती माती एकदा मोकळी झाली की पाणी ती उचलते, आणि वर्षानुवर्षे जमलेली माती एका आषाढात नदीस जाऊन मिळते. वाटा आखण्याच्या शास्त्रात ह्यावर दोन सोपे नियम सांगितले आहेत. डोंगराचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ अधिक नसावा, आणि एकंदरीत दहा हात चालल्यावर फार तर एक हात चढावे. अशी आडवी, वळणे घेत जाणारी वाट पाण्याला आपल्या अंगावरून पलीकडे जाऊ देते, अंगावर बसू देत नाही. जेथे वाट बदलणे शक्य नसेल तेथे ठराविक अंतरावर तिरके दगड बसवून पाणी बाहेर काढून द्यावे. सारे शास्त्र एवढेच.

मंडळ स्थापन करताना पहिला प्रश्न निघाला तो नोंदणीचा. संस्था नोंदणीचा कायदा १८६० सालचा आहे आणि त्यास निदान सात माणसे लागतात. सात जण सहज मिळाले. डोंगराविषयी नव्हे तरी कार्यकारिणीविषयी उत्साह असणारी माणसे आपल्याकडे विपुल आहेत. दुसरा प्रश्न नावाचा. नावात 'सायकल' हा शब्द असावा की नसावा, ह्यावर दोन रविवार खर्ची पडले. तिसरा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणी काढला नव्हता. यवतेश्वराच्या वरच्या अंगास मेंढरे राखणाऱ्या एका वृद्ध धनगराने तो काढला. आम्ही चौघे-पाच जण टेप घेऊन वाट मोजीत होतो. काय चालले आहे असे त्यांनी पुसले आणि मी त्यांना मंडळाचा उद्देश समजावून सांगितला. शांतपणे सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "वाट राखायची म्हंता मास्तर, बरं हाय. पर राखायची कुणापासनं?"

आम्ही सारे पदवीधर होतो. पण त्या क्षणी कोणासही उत्तर सुचले नाही. 'पाण्यापासून' हे उत्तर शास्त्रीय होते, परंतु त्यांचा प्रश्न शास्त्राचा नव्हता. राखणे हा शब्द आपल्या भाषेत मोठा दुधारी आहे. शेत राखणे म्हणजे सांभाळणे, आणि राखीव करणे म्हणजे दुसऱ्यास मज्जाव करणे. त्यांनी आयुष्यभर ह्या दुसऱ्या अर्थाचाच अनुभव घेतला होता.

कायद्याकडे पाहिले तर त्यांची शंका अवास्तव नव्हती असेच म्हणावे लागते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमान्वये राखीव वनातील वाट बंद करण्याचा अधिकार वनाधिकाऱ्यास आहे. मात्र तिच्याऐवजी सोयीची दुसरी वाट असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे. उलट १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्याप्रमाणे शेतात जाण्याच्या वहिवाटीच्या रस्त्यास कोणी अडथळा केला तर तो दूर करविता येतो. एका कायद्यास वन ठाऊक आहे, दुसऱ्यास शेत ठाऊक आहे. केवळ आनंदासाठी डोंगर चढणारा माणूस दोहोंसही ठाऊक नाही. इंग्लंडात ह्या माणसाने आपली दाद लावून घेण्यासाठी फार मोठा झगडा केला. १९३२ च्या २४ एप्रिलला किंडर स्काउट ह्या डोंगरावर शेकडो कामकरी लोक जमीनदारांचा मज्जाव मोडून चढून गेले, त्यांतील पाच जणांस तुरुंगवास घडला, आणि १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा व ग्रामीण भागातील प्रवेशाचा कायदा झाला. पुढे १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या वाटांवर सायकलीसही परवानगी मिळाली. पण एका अटीवर, की सायकलस्वाराने पादचाऱ्यास व घोडेस्वारास वाट दिली पाहिजे. आमच्या मंडळाचा पहिला नियम मी ह्याच अटीवरून सुचविला, आणि थोडा आपल्याकडील परिस्थितीप्रमाणे वाढविला. पहिला मान डोक्यावर ओझे असलेल्यास, दुसरा गुरामेंढरांस, तिसरा पायी चालणाऱ्यास, आणि सर्वांत शेवटी सायकलस्वारास. त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नास आम्ही दिलेले हे पहिले उत्तर होते. ते पुरेसे होते असे नव्हे.

वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही कामास लागलो. परवानगी आवश्यकच होती; वनातला दगड उचलून दुसरीकडे ठेवणे हे सत्कृत्य असले तरी विनापरवाना केल्यास कायदा त्याकडे तशा नजरेने पाहत नाही. दर रविवारी सकाळी पहार, टिकाव, घमेली घेऊन वीस-पंचवीस माणसे जमत. ज्यांनी आयुष्यात कळफलकाहून जड वस्तू हाताळली नव्हती अशा तरुणांच्या तळहातांना फोड आले, आणि त्या फोडांची छायाचित्रे त्यांनी मोठ्या अभिमानाने मित्रांस धाडली. एका जागी तिरके दगड कोठे बसवावेत ह्यावर आमचा वाद चालला होता. कोणी उतार मोजीत होते, कोणी पुस्तकातील आकृती दाखवीत होते. गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या एक बाई थांबल्या, भारा न उतरविताच त्यांनी पायाने एक जागा दाखविली आणि म्हणाल्या, "हितनं काढा पाणी. ते आपसूकच हितनं जातंय." आम्ही मोजून पाहिले, पुस्तकाचे व त्यांचे उत्तर एक वीत इकडे-तिकडे एवढाच फरक निघाला. तेथून पुढे मोजमाप करण्यापूर्वी विचारण्याची पद्धत पडली.

असल्या श्रमदानाची परंपरा ह्या दोन जिल्ह्यांत नवी नव्हे. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरच्या उजाड टेकड्यांवर धों. म. मोहिते ह्यांच्या ध्यासातून व लोकांच्या हातून झाडी उभी राहिली, आणि १९८५ साली सुमारे अकरा चौरस किलोमीटरांचे ते अभयारण्य जाहीर झाले. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ साली गावकऱ्यांच्या श्रमांतून जलसंधारणाचे असे काम केले की पहिल्या वॉटर कप स्पर्धेत तेच गाव पहिले आले. त्या मोठ्या कामांपुढे आमचे काम अगदीच चिमुकले. पण पाण्याला डोंगरावरून धावत जाऊ न देणे, ही विद्या एकच.

ह्यानंतर मात्र मंडळावर खरा कसोटीचा प्रसंग आला, आणि तो बाहेरून आला नाही. पहिला पाऊस पडल्यापासून दसऱ्यापर्यंत मऊ मातीच्या वाटांवर सायकल न्यावयाची नाही, आणि पठारावरील सड्यावर तर कधीच नाही, असा नियम मी मे महिन्याच्या सभेत मांडला. आता ज्यांनी पावसाळ्यात हे डोंगर पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको की हाच येथील खरा हंगाम. धुके, हिरवळ, कड्यांवरून उतरणारे पांढरे धागे, आणि थंड वारा. उन्हाळ्यात ह्या चढांवर सायकल मारणे हे तप आहे. पावसाळ्यात तो उत्सव होतो. त्या उत्सवासच मी बंदी मागत होतो.

माझ्यासमोर कासचे उदाहरण होते. सुमारे बाराशे मीटर उंचीवरील ते जांभ्याचे पठार. कातळाच्या खळग्यांत बोट-दोन बोटे माती, आणि तेवढ्या मातीत आठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींचा संसार. सातारचे नावच ज्याच्या शास्त्रीय नावात गोवले आहे तो वायतुरा असल्याच ओल्या पठारांवर फुलतो. अशा मातीवर चाकाची एक ओळ उमटली की पाणी तीच ओळ धरते, आणि खळग्यातले पाणी आटून जाते. २०१२ साली पश्चिम घाटासमवेत कासचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि गर्दीचा लोंढा सुरू झाला. फुले वाचविण्यासाठी कुंपण घालण्यात आले, भोवतालच्या गावांच्या समित्यांनी शुल्क घेऊन व्यवस्था हाती घेतली. गर्दी आवरली, पण कुंपणाने गुरेही अडली, रानटी जनावरेही अडली, आणि चराई थांबल्याने गवत माजून फुलांसच जागा उरत नाही असे जाणकार सांगू लागले. पुढे काही वर्षांनी ते कुंपण काढण्यात आले. राखणे कोठे संपते आणि अडविणे कोठे सुरू होते, ही रेघ किती बारीक असते हे आमच्या दारातच घडलेल्या ह्या गोष्टीने मला शिकविले होते. म्हणून मी वाट बंद करा असे म्हणत नव्हतो, फक्त आपली चाके थांबवा असे म्हणत होतो.

ठरावास विरोध केला तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. मंडळातील सर्वांत तरबेज सायकलस्वार तो, आणि सर्वांत कष्टाळू कार्यकर्ताही तोच. त्याची मांडणी जोरदार होती. "सर, अमेरिकेत मॉन्टाना येथे १९९४ साली प्रसिद्ध झालेले संशोधन आपणच मला वाचावयास दिलेत. ओल्या वाटेवर घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा अधिक माती मोकळी होते, असे त्यात आहे. मग बंदी सायकलीलाच का?" सभेत टाळ्या पडल्या. मीही त्याच्या वाचनावर मनातून खूश झालो. शिक्षकाचा हा एक दुर्बळपणा असतो.

मी म्हणालो, "संशोधन खरे आहे, आणि तुझा प्रश्नही खरा आहे. पण त्या बाईंना गवत आणण्यास जावेच लागते. त्या मेंढपाळाला जावेच लागते. आपण जातो. वाटेला चार महिने विसावा द्यावयाचा असेल तर तो कोणाच्या वाट्यातून द्यावा? ज्याचे पोट तिच्यावर आहे त्याच्या, की ज्याची हौस तिच्यावर आहे त्याच्या?"

ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला. त्याने पहार भिंतीस टेकून ठेवली, सर्वांस नमस्कार केला, आणि जाताना मला म्हणाला, "सर, वाट राहील, पण तिच्यावर प्रेम करणारे राहणार नाहीत." त्याच्याबरोबर पाच-सहा जण गेले. माझे मत आजही बदललेले नाही. पण त्याचे वाक्यही मी खोडून काढू शकलो नाही. मनुष्य ज्या गोष्टीचा आनंद घेतो तिचेच रक्षण करतो, हे सत्य आहे. आणि आनंद घेणाऱ्याने हात आखडता घेतल्याखेरीज ती गोष्ट उरत नाही, हेही सत्यच आहे. ही दोन सत्ये एका सभेत सुखाने नांदत नाहीत. असल्या ठिकाणी निर्णय घेणे म्हणजे एका सत्याला दाराबाहेर उभे करणे होय, आणि मतदानाने त्या सत्याचे असत्य होत नाही.

जे उरले त्यांच्या हौसेसाठी मला माझी सांगली उपयोगी पडली. निसर्गाने ह्या मुलखात पावसाची वाटणी फार विषम केली आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडे माण, आटपाडी, जत ह्या तालुक्यांत पाचशेच्या आसपास. मिरज तालुक्यातील दंडोबाचा डोंगर असाच कमी पावसाच्या बाजूस. तेथील मुरमाड वाटा दोन दिवसांच्या उघडिपीत कोरड्या ठणठणीत होतात. कड्याच्या पोटात कोरलेले देवालय आणि खाली दूरवर पसरलेली शेते आहेत. साताऱ्याचे धुके तेथे नाही, पण वारा आहे. ओल असेल त्या दिवशी तेथेही सायकल न्यावयाची नाही हे ठरवून आम्ही पावसाळ्यातले काही रविवार तिकडे नेले. लहानपणी ज्या डोंगराकडे मी सहलीच्या डब्यांपलीकडे लक्ष दिले नव्हते, तो म्हातारपणाच्या उंबरठ्यावर माझ्या उपयोगी आला.

मंडळास आता काही वर्षे झाली. एका सधन गृहस्थांनी वाटेच्या तोंडाशी मंडळाच्या व स्वतःच्या नावाची कमान उभारून देण्याचे कबूल केले होते. आम्ही आभार मानून नको म्हटले. वाटेवर कोणाचेही नाव नसावे असा नियम झाला आहे. आमच्याजवळ एक नोंदवही तेवढी आहे. कोणत्या रविवारी कोण आले, कोणता दगड कोठे बसविला, पालापाचोळ्याने तुंबलेली पाण्याची तोंडे कोणी मोकळी केली, हे त्यात लिहिलेले असते.

गेल्या श्रावणात सलग आठ दिवस झड लागली होती. नवव्या दिवशी आम्ही दोघे-तिघे पायी वर गेलो. सगळी तोंडे तुंबली असणार आणि वाट पुन्हा फुटली असणार, अशी खात्री होती. पाहतो तो प्रत्येक तिरक्या दगडाजवळचा पाचोळा कोणीतरी हाताने काढून बाजूस टाकलेला, आणि पाणी शिस्तीने बाहेर चाललेले. चिखलात पावले अनेक होती. मेंढरांची होती, अनवाणी होती, बुटांचीही होती. खाली येऊन सर्व सभासदांस विचारले. कोणीही गेले नव्हते. तो मेंढपाळ, ती गवतवाली, का माझा विद्यार्थी, हे शोधून काढण्याची सूचना कोणीतरी केली. पण ती मान्य झाली नाही. नोंदवहीत त्या तारखेस 'तोंडे मोकळी केली' एवढेच लिहिले आहे, आणि नावाची जागा कोरी ठेवली आहे.